सासूबाई दुखणं सांगतात

माझ्या सासूबाई रफूचं काम करायच्या. सिगारेटने जळलेला कोट, खिळ्यात अडकून फाटलेली बाही, उंदराने कुरतडलेली शाल, असं काहीही घेऊन लोक आमच्याकडे यायचे. मधल्या खोलीत खिडकीशी त्यांची खुर्ची, शेजारच्या स्टुलावर सुयांचा डबा, आणि नाकावर इतका जाड चष्मा की समोरून बघणाऱ्याला त्यांचे डोळे बशीएवढे दिसायचे. भोक पडलेलं कापड त्या आधी उजेडात धरायच्या, मग उलटं करायच्या, मग डोळे मिटून बोटांनी त्याच्या कडा चाचपायच्या. एवढं झाल्याशिवाय सुईला हात नाही. धागाही विकतचा नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून चार दोरे ओढून काढायचे आणि त्यांनीच भोक भरायचं. म्हणायच्या, "परका धागा कितीही चांगला असला तरी दोन धुण्यांत तोंड दाखवतो."

सासरे लिफ्टमन होते. एका मोठ्या कचेरीत चौतीस वर्षं त्यांनी मजल्यांचे आकडे पुकारले, आणि निवृत्त झाले तेव्हा बोलणं तिथेच ठेवून आल्यासारखे घरी आले. आम्ही राहायला तिसऱ्या मजल्यावर, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. यावरून कुणी चेष्टा केली तरी ते नुसते "हं" म्हणायचे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिला महिनाभर मला वाटायचं, हे माझ्यावर रागावलेत. शेवटी नवऱ्याने समजावलं, "बाबा रागावले तरी 'हं' म्हणतात आणि खूश असले तरी 'हं'च म्हणतात. खूश असले की जरा लांबवतात." त्यानंतर मी कान देऊन ऐकायला लागले. फरक होता, पण अगदी पुसट.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक डॉक्टर बसतात. माणूस देव आहे, पण बाहेर पंचवीस माणसं ताटकळलेली असली की देवाचाही इलाज चालत नाही. पेशंट खुर्चीत टेकायच्या आत ते विचारणार, "काय होतंय?" आणि उत्तराचा तिसरा शब्द यायच्या आत लिहायला लागणार. दोष त्यांचा एकट्याचा नव्हता. मी त्या बाकावर बसून ऐकलंय. एक जण म्हणतो, "कसंतरी होतंय." दुसरा म्हणतो, "बरंच नाही वाटत." तिसरा तर सरळ म्हणतो, "आता तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला माहितीच आहे." एवढ्या भांडवलावर डॉक्टर तरी काय करणार? ते सगळ्यांना गुलाबी गोळ्या द्यायचे. आमच्या इमारतीत प्रत्येक घरात त्या गोळ्यांची एक तरी बाटली होती.

सुरुवात झाली ती समोरच्या बिऱ्हाडातल्या मास्तरांपासून. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, एकटे राहणारे गृहस्थ. एके दिवशी ते पँट रफूला घेऊन आले आणि ती देता देता कमरेवर हात दाबून खाली बसले. तीन आठवडे दुखत होतं. डॉक्टरांकडे तीनदा जाऊन आले होते, गुलाबी गोळ्या तीनदा घेतल्या होत्या.

सासूबाईंनी पँट बाजूला ठेवली. "कुठे दुखतंय?"

"इथे."

"इथे म्हणजे तळहाताएवढं की बोटाएवढं?"

मास्तर विचारात पडले. हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "आधी बोटाएवढं. मग पसरतं."

"कसं दुखतं?"

"दुखतं तसं दुखतं हो, मावशी." इमारतीतले सगळे त्यांना मावशीच म्हणायचे, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा.

"मास्तर, मुलांना तुम्ही आंबा काढायला सांगितलात आणि त्यांनी गोल काढून खाली 'आंबा' असं लिहिलं, तर तुम्ही मार्क द्यायचात का?"

मास्तर दुखण्यातही ताठ बसले. अर्धा तास ती चौकशी चालली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. पीळ पडतो की टोच लागते? उभं राहिल्यावर बरं वाटतं की आडवं झाल्यावर? दुखायच्या आधी काही कळतं का? शेवटी मास्तरांना स्वतःच्या दुखण्याबद्दल इतकं काही कळलं की ते थक्क झाले. पण म्हणाले, "हे सगळं मला त्या खुर्चीत बसून सांगता यायचं नाही. मी तिथे बसलो की माझी बोबडी वळते. तुम्हीच चला."

सासूबाई गेल्या. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं आणि नेहमीप्रमाणे पेन उचललं. सासूबाई म्हणाल्या, "मागे बरगडी संपते तिथून सुरू होतं. तिथून पुढे वळून खाली जांघेपर्यंत उतरतं. कुणी ओला टॉवेल पिळतंय आणि मधेच दम खायला थांबतंय, तसं. पिळतं तेव्हा यांना बसवत नाही, उभं राहवत नाही, खोलीत फेऱ्या मारतात. थांबलं की कपाळाला घाम येतो आणि दोन घास खाल्लेले वर येतात. काल लघवीला गेले तेव्हा पाणी चहाच्या रंगाचं होतं. बिनदुधाच्या."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "पुन्हा सांगा." त्यांनी पुन्हा सांगितलं. डॉक्टरांनी मास्तरांना तपासणीला पाठवलं आणि मुतखडा निघाला.

मग काय विचारता. आठवड्याभरात आमच्या दारात चपलांचा ढीग. रफूला कपडा आणायचा हे निमित्त, कपडा कधीकधी धडच असायचा. टपाल वाटणारा आला गुडघा घेऊन. त्याचं सासूबाईंनी डॉक्टरांना असं सांगितलं, "बिजागरीत वाळू गेलेलं दार उघडावं तसं वाजतं, आणि जिना उतरताना वाटीखाली कुणी खडा ठेवल्यासारखं होतं," की डॉक्टर ऐकता ऐकता स्वतःचा गुडघा चोळायला लागले. एकदा तर त्यांनी गोंधळून चिठ्ठीवर नाव सासूबाईंचं लिहिलं, आणि दोन दिवस त्या दुसऱ्याच्या दम्याचं औषध हातात घेऊन "हे माझं कशाला?" म्हणून हिंडत होत्या.

तळमजल्यावरची शिक्षिका डोकं दुखतंय म्हणून आली. ही केस तर डॉक्टरांपर्यंत गेलीच नाही. सासूबाईंनी विचारलं, "कधी दुखतं?" ती म्हणाली, "वह्या तपासताना." "दुखतं तेव्हा अक्षरं कशी दिसतात?" ती म्हणाली, "पाण्यात पडल्यासारखी." सासूबाईंनी तिच्या नाकावरचा चष्मा काढून स्वतः लावून बघितला आणि विचारलं, "तुमच्या मिस्टरांची तब्येत कशी आहे?" ती म्हणाली, "तसे बरे आहेत, पण हल्ली दारावर आपटतात." दोघांनी एकाच दुकानातून एकाच दिवशी एकसारखे चष्मे घेतले होते आणि पहिल्याच दिवसापासून एकमेकांचे वापरत होते. दोन महिने.

या सगळ्यात सासरे कुठे होते, तर पलंगाच्या कडेला, पेपर समोर धरून. माणसं यायची, आपापल्या आतड्यांचं, सांध्यांचं, पित्ताचं साग्रसंगीत वर्णन करायची आणि ते पान उलटायचे. एकदा मी विचारलं, "बाबा, तुम्हाला कंटाळा नाही येत?" ते म्हणाले, "हं." जरा लांबवून म्हणाले असं मला वाटलं.

पण नाव झालं की माणसाला हुरूप येतो, आणि सासूबाईंनाही आला. पुढे पुढे त्या स्वयंपाकघरात भाजी निवडताना तालीम करायला लागल्या. "पोटात आग पडते, नको. पोटात निखारा ठेवलाय, हेही नको. पोटात कुणीतरी शेगडी पेटवून विसरून गेलंय. हे कसं वाटतं गं?" मी कचेरीत टपालाची नोंद करणारी बाई. दिवसभर 'पत्र मिळाले' एवढंच लिहिते. मी म्हणायचे, "छान आहे." चूक माझीही होती.

बेकरीवाल्यांचं प्रकरण घडलं ते याच दिवसांत. गल्लीच्या तोंडाशी त्यांची बेकरी. धिप्पाड माणूस, हातावर कायम मैदा. त्यांना छातीत जळजळ व्हायची. सासूबाईंनी विचारलं, त्यांनी सांगितलं. जेवणानंतर जळजळतं, आंबट ढेकर येतो, पाणी प्यायलं की उतरतं. साधी गोष्ट होती. पण त्या दिवशी दवाखान्यात गर्दी फार होती, बाकावरची माणसं माना वळवून ऐकत होती, आणि सासूबाईंना एवढं साधं बोलवेना. त्या म्हणाल्या, "छातीवर कुणीतरी लोखंडी कपाट आणून ठेवलंय, आणि कपाटात भांडी आहेत."

कपाट बेकरीवाल्यांनी सांगितलंच नव्हतं. भांडीही नव्हती.

डॉक्टर उभेच राहिले. त्यांनी फोन फिरवला. बेकरीवाले "अहो, पण मी" म्हणेपर्यंत त्यांना आडवं करून गाडीत घातलं होतं. मोठ्या इस्पितळात दोन दिवस ठेवलं. अंगाला तारा लावल्या, रक्त काढलं, सरकत्या पट्ट्यावर पळवलं. पळताना त्यांना ढेकर आला आणि तिथल्या डॉक्टरांनी निदान केलं की पित्त आहे. दोन दिवस बेकरी बंद. आख्खी गल्ली शिळ्या पावावर.

परत आले ते थेट आमच्याकडे. दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. म्हणाले, "मावशी, मला कपाटाचं काही माहीत नाही. पण तुम्ही बोललात तेव्हापासून मला खरंच वजन वाटायला लागलंय. झोपलो की भांडी वाजल्यासारखी वाटतात. ते तेवढं काढून द्या."

मला हसू आवरेना, म्हणून मी आत गेले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बेकरीवाल्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "कपाट तुमचं नव्हतं. माझं होतं. मी परका धागा घातला. चुकले." बेकरीवाले ओशाळून निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बिस्किटांचा पुडा पाठवला, पण सासूबाईंनी त्याला हात लावला नाही. त्या दिवसापासून त्यांनी दुखणं सांगणं बंद केलं. कुणी आलं की म्हणायच्या, "डॉक्टरांना तुम्हीच सांगा. जे होतंय तेवढंच सांगा." चपलांचा ढीग ओसरला. डॉक्टर एकदा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "मावशी, या हो अधूनमधून. पुन्हा सगळे 'कसंतरी' म्हणायला लागलेत." त्या गेल्या नाहीत.

असे पाच-सहा महिने गेले. मग सासूबाईंचंच काहीतरी बिनसलं. काय ते आमच्या लक्षात आलं नाही, हे मी लाज न बाळगता लिहिते. मी सकाळी आठला बाहेर पडायचे ती संध्याकाळी सातला यायचे. नवरा फिरतीवर. एवढं दिसत होतं की रफूची कामं साठत होती. खुर्चीच्या पाठीवर कोटांवर कोट पडलेले. विचारलं की म्हणायच्या, "काही नाही गं. वय झालं." एका रविवारी त्यांनी सुयांचा डबा उचलला आणि परत ठेवून दिला. कपाळावर घाम. तेव्हा मी रिक्षा बोलावली, आणि आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. सासरे का आले ते कळलं नाही. ते कधी येत नसत. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि निघाले.

डॉक्टरांना फार आनंद झाला. त्यांनी पेन बाजूला सारलं, खुर्चीत मागे रेलले, हात पोटावर बांधले आणि म्हणाले, "बोला मावशी, आज कुणाचं?"

"माझंच," सासूबाई म्हणाल्या.

"अरे वा. सांगा सांगा."

सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "कसंतरी होतंय," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. इतक्या वर्षांत त्यांनी तो शब्द हजार वेळा ऐकला असेल, पण या बाईच्या तोंडून तो आला तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले. "कसंतरी म्हणजे?"

"जरा थकवा. बाकी काही नाही."

मी काही बोलणार होते, पण मला तरी काय माहीत होतं? तेवढ्यात मागून आवाज आला. आधी मला वाटलं, बाहेरच्या बाकावरचं कुणीतरी बोलतंय.

"आमच्या जिन्याला चोपन्न पायऱ्या आहेत," सासरे म्हणाले. "एका मजल्याला अठरा."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो. ते भिंतीशी उभे होते, हात मागे बांधून, लिफ्टमध्ये उभे राहायचे तसे.

"ही भाजीच्या दोन पिशव्या घेऊन चोपन्न पायऱ्या न थांबता चढायची. मागच्या महिन्याच्या सुरुवातीला छत्तिसाव्या पायरीला थांबली. म्हणाली, चप्पल निसटली. चप्पल निसटली नव्हती. मग रोजच तिथे थांबायला लागली. पंधरा दिवसांनी सत्ताविसाव्या. बुधवारी अठराव्या. परवा नवव्या." ते थांबले. बोलायची सवय नसल्यामुळे त्यांना धाप लागली होती. "आज तुमच्या दाराच्या तीन पायऱ्या चढली आणि कठडा धरला."

डॉक्टर म्हणाले, "थांबतात तेव्हा काय करतात?"

"डावा हात जबड्याला लावते. असा." त्यांनी करून दाखवलं. "विचारलं की म्हणते, दाढ दुखते. तिथे दाढ नाही. ती दहा वर्षांपूर्वी काढली, मीच नेलं होतं. दोन मिनिटं उभी राहते, मग हात काढते, मग मला म्हणते, चला, का थांबलात?" त्यांनी घसा खाकरला. "मी थांबलेलो नसतो."

सासूबाई पदर बोटाला गुंडाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण कान लाल झाले होते.

पुढचं सगळं भराभर झालं. डॉक्टरांनी तिथेच ईसीजीची पट्टी काढली, फोन केला, गाडी मागवली. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची एक नळी जवळजवळ बंद झाली आहे. दुसऱ्या दिवशी ती उघडली. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पायऱ्यांचं कुणी सांगितलं? एवढ्या नेमकेपणाने सहसा कुणी सांगत नाही. अजून आठवडाभर 'थकवा' म्हणून घरी राहिल्या असत्या तर कठीण होतं." मी सासऱ्यांकडे बोट दाखवलं. ते व्हरांड्यात बाकावर बसून समोरच्या लिफ्टचं दार उघडताना-मिटताना बघत होते. डॉक्टरीणबाईंनी जाऊन त्यांचं कौतुक केलं. ते म्हणाले, "हं. तुमच्या लिफ्टचं दार दुसऱ्या मजल्यावर अर्धा सेकंद उशिरा मिटतं."

तिसऱ्या दिवशी सासूबाई उशाला टेकून बसल्या होत्या. मी त्यांना सफरचंद कापून देत होते. सासरे स्टुलावर. मी विचारलं, "आई, आख्ख्या गल्लीचं दुखणं तुम्ही सांगितलंत. स्वतःचं का नाही सांगितलं? कपाटामुळे?"

"तेही होतं," त्या म्हणाल्या. "वाटलं, आपण बोललो की लोक म्हणणार, झालं, मावशींनी भांडी लावली." मग त्यांनी हातातली सफरचंदाची फोड बशीत परत ठेवली. "पण खरं सांगू? शब्द तयार होते गं. एकेक. जबड्यातून कुणी दोरा ओवून खाली खेचतंय, आणि टाका हाताच्या कोपरापर्यंत जातोय. अगदी असंच होतं. पहिल्याच दिवशी सुचलं. आणि सुचल्याबरोबर मला भीती वाटली. म्हटलं, इतकं नीट सांगता येतंय म्हणजे ते आहे. नाही बोललं तर कदाचित नसेल."

सासऱ्यांनी स्टूल पलंगाजवळ ओढलं. सासूबाईंच्या पांघरुणाची दुमडलेली कड सरळ केली, मग पुन्हा दुमडली, मग पुन्हा सरळ केली.

"आणि तुम्ही हो," सासूबाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या. "पायऱ्या मोजत होतात तर मला सांगायचं की नाही?"

"तू विचारलं नाहीस," सासरे म्हणाले.

हे वाक्य त्या पुढे कित्येक दिवस सगळ्यांना ऐकवत होत्या, नक्कल करून. पण ऐकवताना डोळे पुसायच्या, तेही खरं.

आता त्या बऱ्या आहेत. कामं निम्मी केली आहेत. दुखणं घेऊन लोक पुन्हा येतात, पण आता त्या कुणाबरोबर जात नाहीत. ज्याचं त्याच्याकडूनच वदवून घेतात, तीन-तीनदा, आणि कुणी जरा सजवून बोललं की हात वर करून थांबवतात. डॉक्टर म्हणतात, या गल्लीतले पेशंट हल्ली पेपर वाचून दाखवावा तसे बोलतात.

मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावर एक नवीन बाई राहायला आल्या. गिरणीत हिशेबनीस होत्या, आता एकट्याच असतात. त्यांना घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं. सासूबाईंनी विचारलं, कधीपासून. त्या म्हणाल्या, इथे आल्यापासून. कधी वाटतं? सकाळी कमी, दुपारी जास्त. बोलताना? त्यावर त्या बाई म्हणाल्या, "बोलताना कसं वाटतं ते सांगता येणार नाही. आल्यापासून दूधवाल्याशीच काय ते दोन शब्द बोलले असेन."

सासूबाईंनी मला चहा टाकायला सांगितला. त्या बाई पहिल्या दिवशी अडीच तास बोलल्या. घसा मोकळा झाला. आता त्या रोज चारला येतात आणि सातला मी कामावरून येते तेव्हाही बोलतच असतात. सासूबाई सुई चालवत ऐकतात. सासऱ्यांनी मात्र पेपर घेऊन जिन्यात बसायला सुरुवात केली आहे. काल मी वर येताना त्यांना विचारलं, "बाबा, आत का नाही बसत?"

"इथे वारा आहे," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी पाय बाजूला घेतले.